दोघांच्या प्रवासात दोघांनाही सारे ठाऊक हवे

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात मे महिन्यात थंडी पडू लागते आणि तेथील महामार्गांवर एक निराळीच वर्दळ सुरू होते. दणकट बांध्याची मोटार, तिच्या मागे जोडलेला ट्रेलर आणि पुढच्या आसनांवर साठी-सत्तरीतील पती-पत्नी. थंडी मागे टाकून ही मंडळी उत्तरेच्या उबदार प्रदेशाकडे निघालेली असतात. कोणी दोन महिन्यांसाठी, कोणी सहा महिन्यांसाठी, तर कोणी राहते घर भाड्याने देऊन वर्षभरासाठी. तेथे त्यांना 'ग्रे नोमॅड्स', म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे कौतुकाने म्हटले जाते. मेलबर्न, सिडनी वा ॲडलेड येथे स्थायिक झालेल्या मुलांकडे आपल्याकडील जे आई-वडील काही महिने राहून येतात, त्यांनी अशी जोडपी पाहिली असतीलच. प्रथमदर्शनी हा हौसेचा मामला वाटतो. जरा जवळून पाहिले तर असे दिसते, की निवृत्त दांपत्याच्या परस्पर सहकार्याची इतकी कसोटी पाहणारा दुसरा उपक्रम क्वचितच असेल.

या प्रवासाचे मोल समजण्यासाठी आधी तो प्रदेश समजून घेतला पाहिजे. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सव्वादोन पटींहून अधिक. लोकसंख्या मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास, आणि तीही बहुतांशी किनाऱ्यालगतच्या शहरांत एकवटलेली. मधला विस्तीर्ण, कोरडा, विरळ वस्तीचा भाग म्हणजे 'आउटबॅक'. या भागाला दक्षिणोत्तर छेदणारा स्टुअर्ट महामार्ग पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत सुमारे २,७०० किलोमीटर जातो. जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट या स्कॉटिश संशोधकाने अनेक अयशस्वी प्रयत्नांनंतर १८६२ मध्ये दक्षिणेकडून उत्तर समुद्रापर्यंतचा मार्ग शोधला. त्याच मार्गाच्या आधाराने १८७२ मध्ये तारायंत्राची तार खंडाच्या आरपार टाकून झाली, आणि पुढे रस्ता झाला.

या वाटेवर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. कूबर पीडी येथे १९१५ मध्ये ओपल हे रत्न सापडले. तेथील उन्हाळा इतका कडक, की अनेक कुटुंबांनी खडकाच्या पोटात घरे कोरली. बाहेर अंगाची लाही होत असता आतली हवा सुखद असते. पुढे मुख्य रस्ता सोडून पश्चिमेस गेले की उलुरू हा ३४८ मीटर उंचीचा लालसर एकखडकी डोंगर दिसतो. तेथील मूळ रहिवासी आनंगू लोकांना तो पवित्र आहे. १९८५ मध्ये त्या भूमीची मालकी त्यांना परत मिळाली, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणे पूर्णपणे बंद झाले. आता प्रवासी पायथ्याभोवती चालत फिरतात. त्यानंतर ॲलिस स्प्रिंग्ज, कॅथरीनजवळचा नदीचा खोल घळीतून वाहणारा प्रवाह आणि अखेरीस डार्विनचा समुद्र. उत्तरेत नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो, कित्येक रस्ते पाण्याखाली जातात. म्हणून मे ते सप्टेंबर हाच तिकडे जाण्याचा काळ.

या वाटेशी आपल्या उपखंडाचेही जुने नाते आहे. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट आणि उंटवाले नेले गेले. पुढील काही दशकांत अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाब अशा प्रदेशांतून शेकडो उंटवाले तेथे गेले. तारायंत्राचे साहित्य, लोकरीचे गठ्ठे, पीठ, साखर, चहा असा सारा माल दूरच्या वस्त्यांपर्यंत त्यांच्या काफिल्यांनी पोहोचवला. त्यांना सरसकट 'अफगाण' म्हटले जाई. ॲडलेडहून डार्विनला जाणाऱ्या रेल्वेगाडीचे 'द घॅन' हे नाव त्याच शब्दावरून आले आहे. व्यापारी घरातील वाचकांना हे सहज पटेल, की जेथे रस्ता नाही तेथेही माल पोहोचवणारा कोणीतरी आधी पोहोचलेला असतो.

आता मूळ विषयाकडे वळू. कॅम्पर ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक भक्कम पेटी. मुक्कामी पोहोचल्यावर तिचे झाकण उघडून तंबू उभारला जातो, आतच बिछाना असतो, मागच्या बाजूने शेगडी, पाण्याचा नळ आणि भांड्यांचे कप्पे बाहेर सरकतात. कॅरव्हॅन ही याहून मोठी, भिंती-छप्पर असलेली खोलीच असते. कॅम्पर ट्रेलर हलका असल्याने खडबडीत रस्त्यांवर अधिक सोयीचा पडतो, म्हणून दूर आत जाऊ इच्छिणारे त्याला पसंती देतात.

येथे पहिला हिशेब येतो तो वजनाचा. प्रत्येक ट्रेलरवर त्याचे रिकामे वजन आणि कमाल भरलेले वजन नोंदलेले असते. दोहोंतील फरक म्हणजे आपल्याला नेता येणारे सामान. तो फरक किती झपाट्याने संपतो, हे पहिल्या खेपेस अनेकांच्या ध्यानात येत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा १०० लिटरची टाकी भरली की एक क्विंटल तेथेच गेला. त्यावर गॅसची टाकी, जादा बॅटरी, जादा चाक, अवजारे, शिधा, पांघरुणे. मोटारीची ओढण्याची क्षमता आणि मोटार-ट्रेलर मिळून एकत्रित वजनाची मर्यादाही स्वतंत्र असते. मर्यादा ओलांडली तर कायद्याने दंड होऊ शकतो आणि अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. म्हणून जाणती मंडळी निघण्यापूर्वी सारे सामान भरून गाडी वजनकाट्यावर नेतात. ज्यांच्या आयुष्यात धान्याचे ट्रक काट्यावर चढवण्यातच सकाळ गेली, त्यांना या काळजीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

वजन किती, याइतकेच ते कोठे ठेवले आहे याला महत्त्व आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी सुमारे १० टक्के भार मोटारीच्या जोडणीवर पडावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. जड सामान मागच्या टोकाला गेले की वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. अशा वेळी घाबरून मोटारीचा ब्रेक जोरात दाबणे घातक ठरते. वेग हळूहळू कमी होऊ द्यावा, आणि ट्रेलरचे ब्रेक स्वतंत्रपणे लावण्याची सोय असल्यास ते हलके लावावेत, असे शिकवले जाते. अवघ्या काही क्षणांचा हा प्रसंग असतो. तो निभावण्याचे ज्ञान चाक ज्याच्या हाती असेल त्याला त्या क्षणी हवे, मागाहून विचारून उपयोग नाही.

दुसरा हिशेब अंतराचा. ग्लेनडॅम्बो आणि कूबर पीडी यांच्या दरम्यान सुमारे अडीचशे किलोमीटर पेट्रोल-डिझेल मिळत नाही. आडवाटांवर हे अंतर आणखी वाढते. ट्रेलर ओढताना इंधन पुष्कळ जास्त लागते. समजा, शंभर किलोमीटरला १५ लिटर लागले, तर दहा हजार किलोमीटरच्या फेरीला १,५०० लिटर झाले, आणि आत जावे तसा दरही चढत जातो. मोठ्या पट्ट्यांत मोबाइलला संपर्क नसतो, म्हणून उपग्रहावरून चालणारा फोन किंवा संकटसूचक यंत्र जवळ ठेवले जाते. मोटारीतील रेडिओवर ४० क्रमांकाच्या वाहिनीवर मालवाहू चालकांशी बोलता येते. तीन-तीन डबे ओढणारे, ५३ मीटरपर्यंत लांबीचे 'रोड ट्रेन' हे ट्रक ओलांडण्यापूर्वी चालकाला विचारून घेणे शहाणपणाचे असते. पहाटे आणि सांजवेळी कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा त्या वेळी गाडी चालवू नये. कच्च्या रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा तयार होतात. तेथे टायरमधील हवा थोडी कमी करून सावकाश जावे लागते. आणि सर्वांत मोठा नियम असा, की निर्जन भागात गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नये. शोध घेणाऱ्यांना माणसापेक्षा मोटार लवकर दिसते, आणि पाणी व सावली तिच्याजवळच असते.

तिसरा हिशेब घरातला, आणि तोच सर्वांत नाजूक. चाळीस वर्षे संसार केलेल्या जोडप्याचा बहुतेक काळ स्वतंत्र क्षेत्रांत गेलेला असतो. एकाने दुकान वा कचेरी सांभाळली, दुसऱ्याने घर. दिवसातून चार-सहा तासांची भेट. येथे मात्र चोवीस तास एकत्र, दहा-बारा फूट लांबीच्या जागेत. ट्रेलर मागे घेण्याचा प्रसंग तर विशेष प्रसिद्ध आहे. ट्रेलर मागे घेताना चाक ज्या बाजूस वळवावे त्याच्या उलट दिशेला ट्रेलरचे तोंड जाते. एक जण चालवतो, दुसरा मागे उभा राहून हाताने खुणा करतो. खुणांचा अर्थ आधी ठरलेला नसला, की मुक्कामी पोहोचता पोहोचता आवाज चढतात आणि शेजारच्या तंबूतील मंडळी हळूच हसतात. अनुभवी प्रवासी म्हणूनच सांगतात, की रिकाम्या मैदानात आधी सराव करावा, खुणा ठरवून घ्याव्यात, आणि मुख्य म्हणजे दोघांनीही चाक हाती घ्यावे. ट्रेलर ओढण्याचे शिक्षण देणारे वर्ग तेथे चालतात आणि पती-पत्नी दोघेही त्यांना जातात.

दोघांनीही का, याचे उत्तर त्या प्रदेशातील एका संस्थेच्या कामातून मिळते. रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांनी मे १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधील क्लोनकरी येथून विमानाने वैद्यकीय सेवा सुरू झाली. आज ती 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस' या नावाने साऱ्या देशात ओळखली जाते. प्रारंभी विमान होते, परंतु दूरच्या वस्तीवरून बोलावण्याचे साधन नव्हते. आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पॅडल मारून वीज निर्माण करणारा रेडिओ तयार केला आणि ती अडचण सुटली. पुढे दूरच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवण्यात आल्या. त्यांतील प्रत्येक औषधाला क्रमांक असतो. डॉक्टर दुरून सांगतात, "अमुक क्रमांकाचे औषध द्या," आणि वैद्यकाचे काहीही शिक्षण नसलेली व्यक्ती ते बिनचूक देऊ शकते. महामार्गांच्या काही सरळ तुकड्यांवर धावपट्टीच्या खुणा रंगवलेल्या आहेत. गरज पडल्यास वाहतूक थांबवून विमान रस्त्यावरच उतरते.

या व्यवस्थेचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. जाणकार व्यक्ती दूर असणार, हे गृहीत धरून ती उभारलेली आहे. प्रसंग येईल तेव्हा जो कोणी जवळ असेल त्याला काम करता आले पाहिजे, म्हणून रेडिओ सोपा केला, औषधांना क्रमांक दिले.

आता अशी कल्पना करावी. कूबर पीडीच्या उत्तरेस, गावापासून दीडशे किलोमीटरवर मुक्काम आहे. पहाटे पतीच्या छातीत दुखू लागते. पत्नीला रेडिओ वा उपग्रहाचा फोन चालवता येत असेल, आपण नेमके कोठे आहोत हे नकाशावरून सांगता येत असेल, पतीची रोजची औषधे कोणती आणि कशाची ॲलर्जी आहे हे ठाऊक असेल, तर तासाभरात मदतीची चक्रे फिरतात. विमान येते, रुग्णाला घेऊन जाते. रुग्णासोबत दुसऱ्याला जागा मिळेलच असे नाही. मग निर्जन रस्त्याच्या कडेला मोटार, ट्रेलर आणि ती एकटी उरते. तिला ट्रेलर जोडता आणि चालवता येत असेल तर सूर्य वर येईपर्यंत ती निघते आणि सायंकाळी रुग्णालयात पतीच्या उशाशी असते. येत नसेल तर परक्यांच्या दयेवर विसंबून वाट पाहण्याखेरीज तिच्या हाती काही उरत नाही. याच्या उलटही खरे आहे. पत्नी आजारी पडली आणि तिच्या औषधांची पिशवी कोठे, विम्याचा कागद कोणता, शेगडीचा गॅस कसा बंद करायचा, हे पतीला माहीत नसेल, तर मोटार उत्तम चालवूनही तो तितकाच असहाय ठरतो.

तेथील जाणती जोडपी म्हणून निघण्यापूर्वी कामांची यादी करतात आणि आठवड्यातून एकदा कामांची अदलाबदल करतात. एरवी जो चालवतो तो त्या दिवशी स्वयंपाक व औषधे पाहतो, आणि दुसरा ट्रेलर जोडणे, टायरची हवा, पाण्याची टाकी व नकाशा सांभाळतो. दोघांच्या औषधांची यादी, डॉक्टरांचे नाव, विम्याचा क्रमांक आणि मुलांचे दूरध्वनी एका कागदावर लिहून तो कागद मोटारीत ठरलेल्या जागी ठेवतात. प्रवासाची मजा यामुळे कमी होत नाही. उलट, मनातील धास्ती कमी झाल्याने सूर्यास्त निवांतपणे पाहता येतो.

पैशांची बाजूही पाहिली पाहिजे. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून मालकाने कर्मचाऱ्याच्या वेतनाच्या ठरावीक प्रमाणात रक्कम निवृत्तिनिधीत भरण्याची सक्ती आहे. जुलै २०२५ पासून ते प्रमाण १२ टक्के आहे. वयाची ६७ वर्षे पूर्ण झाल्यावर, उत्पन्न आणि मालमत्ता विचारात घेऊन, सरकारी निवृत्तिवेतनही मिळते. या आधारावर मध्यम स्थितीतील माणसेही असा प्रवास आखतात. काही जण वाटेत एखाद्या रोडहाउसवर वा छावणीच्या जागी थोडे दिवस काम करून खर्च भागवतात. काहींच्या गाडीमागे विनोदाने पाटी लावलेली असते, की आम्ही मुलांचा वारसा खर्च करीत आहोत. पिढीजात पेढी चालवणाऱ्या घरात ही पाटी वाचून भुवया उंचावतील. प्रत्येक समाजाचा वारसाविषयक विचार निराळा असतो आणि त्यात वावगे काही नाही. मात्र त्या विनोदामागे एक गंभीर निर्णय आहे. अंगात बळ आहे तोवर कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवून बाहेर पडावयाचे, हा तो निर्णय. गुडघे साथ देईनासे झाल्यावर मिळालेली मोकळीक ट्रेलर ओढण्याच्या कामाची नसते. ज्याला 'माझ्याशिवाय चालणार नाही' असे वाटते, त्याचे निघणे दरवर्षी पुढच्या वर्षावर जाते.

आपल्या वाचकांपैकी फार थोडे आउटबॅकच्या वाटेला जातील. तरीही त्या मोटारीतील यादी आपल्या घरात उपयोगी पडावी अशी आहे. अनेक घरांत बँकेची खाती, ठेवींच्या पावत्या, विमा, लॉकरची किल्ली, तोंडी दिलेली उसनवारी, कराचा सल्लागार, हे सारे एकट्या पतीच्या डोक्यात असते. दुःखाचा प्रसंग ओढवल्यानंतर बँकेच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या भगिनीला आपल्याच घरातील पैशांविषयी परक्या माणसाला प्रश्न विचारावे लागतात. दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवींची रक्कम बँकांना रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करावी लागते. ती नंतरही मागता येते, परंतु ठेव होती हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण? खाते दोघांच्या नावे असून त्यावर 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असणारा' अशी नोंद आहे का, नामनिर्देशन केले आहे का, हे पाहण्यास एक दुपार पुरते. नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मिळतो. तिची अंतिम मालकी मात्र वारसाहक्काने वा मृत्युपत्राने ठरते, म्हणून मृत्युपत्रही वेळीच करावे. आणि पतीनेही घराच्या बाजूची माहिती करून घ्यावी. पत्नीची औषधे, तिचे डॉक्टर, घरातील नेहमीची देणी आणि दोन वेळचे साधे जेवण एवढे तरी त्याला जमले पाहिजे.

दिवाळीच्या आधी दुकानात साठ्याची मोजदाद होते. त्याच दिवसांत एक सायंकाळ पती-पत्नींनी समोरासमोर बसून एका वहीत ही माहिती लिहावी, वही कोठे ठेवली ते मुलांपैकी एकाला सांगावे, आणि दरवर्षी ती पुन्हा उघडून दुरुस्त करावी.